एकटा डॉक्टर आणि गावाचे पाणी

सणासुदीच्या अंकात दूषित पाण्याची गोष्ट कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. पण ज्या नाटकाविषयी मी लिहिणार आहे त्याचा सारा डोलारा पाण्यावरच उभा आहे, आणि ते रंगते मात्र घरातल्या माणसांत, भावाभावांच्या भांडणातून. तेव्हा घरातील सर्वांनी मिळून वाचावे असेच ते नाटक आहे.

हेन्रिक इब्सेनचे ‘लोकशत्रू’ १८८२ साली प्रसिद्ध झाले. नॉर्वेतील एका लहान गावी आरोग्यस्नानगृहे निघाली आहेत. बाहेरगावचे रोगी येतात, गावात पैसा खेळू लागतो. तेथील डॉक्टर स्टॉकमन पाण्याचे नमुने विद्यापीठाकडून तपासून घेतो, तो काय! ज्या पाण्यात रोगी बरे व्हायला उतरतात तेच रोगाचे माहेरघर निघते. वरच्या अंगाला चामडी कमावण्याचे कारखाने आहेत, त्यांची घाण नळात उतरते. आणि त्यांतला एक कारखाना डॉक्टरच्याच सासऱ्याचा! नळ नव्याने घालायचे तर दोन वर्षे स्नानगृहे बंद. नगराध्यक्ष म्हणजे डॉक्टरचा थोरला भाऊ. तो अहवाल दडपायला निघतो.

इब्सेनची खरी करामत मला दिसते ती छापखानेवाल्या आस्लाक्सनमध्ये. हा घरमालकांच्या संघाचा पुढारी. जे काय करायचे ते बेताबेताने, हा त्याचा मंत्र. आरंभी तो आपण होऊन डॉक्टरकडे येतो, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत म्हणून सांगतो. पुढे खर्च करदात्यांच्या बोडक्यावर बसणार हे नगराध्यक्षाने सुचवताच त्याचे पाऊल मागे फिरते, आणि वृत्तपत्राचा संपादकही त्याच वाटेने जातो. असा गृहस्थ आपल्या प्रत्येक आळीत एक तरी असतो. तो दुष्ट नसतो. त्याचे घर असते, एवढेच.

येथेच माझी इब्सेनशी तक्रार सुरू होते. आस्लाक्सन मदत देऊ करतो तेव्हा डॉक्टरला त्या मदतीची गरजच वाटत नाही. सत्य इतके उघड आहे, त्याला पाठिंबा कशाला? हा पैसा कोणी द्यायचा, कोणाची चूल दोन वर्षे विझणार, हा प्रश्न तो कोणाच्या दारी जाऊन विचारीत नाही. पुढे जाहीर सभेत त्याला अहवाल वाचू देत नाहीत, तेव्हा तो पाणी सोडून बहुमतावरच तुटून पडतो, सामान्य माणसांची तुलना गावठी कुत्र्यांशी करतो. सभा त्याला लोकशत्रू ठरवते, घराच्या काचा फुटतात, मुलीची शिक्षिकेची नोकरी जाते. शेवटी एकाकीपणातच बळ आहे असे तो ठरवतो. पडदा पडतो तेव्हा डॉक्टर मोठा झालेला असतो. पाणी होते तसेच असते.

ही उणीव सत्यजित राय यांना जाणवली असावी. १९८९ साली केलेल्या ‘गणशत्रू’ ह्या चित्रपटात त्यांनी ही कथा बंगालमधील चंडीपूर नावाच्या गावी आणली आणि स्नानगृहांच्या जागी देवळाचे चरणामृत ठेवले. तीर्थात तुळस आहे, ते बाधेल कसे, हा प्रश्न आपल्याकडे पैशाहून अवघड. ही त्यांची सूझ खरोखर थोर. शेवटी बाहेरून तरुणांच्या घोषणा ऐकू येतात आणि डॉक्टर गुप्ताला कळते, की आपण एकटे नाही. ही दुरुस्ती मला मनापासून आवडली. तरीही ती लोकं नुसती आवाजानेच येतात. त्यांना कोणी, कसे पटवले, ते पडद्यावर फारसे दिसत नाही.

आणि खरी कथा तर तेथेच असते. अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या वस्तीत शाळा आणि घरे विषारी रसायने पुरलेल्या जुन्या कालव्यालगत उभी राहिली होती. १९७८ साली लॉइस गिब्ज ह्या गृहिणी मुलाच्या आजारपणाने अस्वस्थ होऊन अर्ज हाती घेऊन दारोदार फिरल्या. घराची किंमत बुडेल ही धास्ती तेथेही होतीच. शेजारणींनी कोणत्या घरी कोणता आजार हे नकाशावर मांडले. बेव्हर्ली पेगन ह्या शास्त्रज्ञ बाईंनी त्याचा अर्थ लावला. अधिकाऱ्यांनी ती माहिती उडवून लावली, पण बाया हटल्या नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अध्यक्ष कार्टर यांनी तेथे आणीबाणी जाहीर केली होती, आणि १९८० च्या डिसेंबरात विषारी जागा साफ करण्याचा कायदा झाला. येथे स्टॉकमन आणि आस्लाक्सन एकाच ओट्यावर बसले होते.

म्हणून ‘लोकशत्रू’ कमी प्रतीचे नाटक ठरते का? मुळीच नाही. सत्य सांगणाऱ्याला किती किंमत द्यावी लागते, हे इतक्या रोखठोकपणे सांगणारी नाटके थोडीच. मात्र ते वाचताना डॉक्टरला टाळ्या देऊन थांबू नये. पाण्यात काय आहे ते एकट्या माणसालाही कळू शकते. ते पाणी स्वच्छ करायला मात्र आळीच लागते.