कुदळ आणि धर्मग्रंथ

वेर्नर केलर या जर्मन पत्रकाराचा बायबल व उत्खनने यांविषयीचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ जर्मन शीर्षकाचा आशय ‘आणि तरीही बायबलच खरे’ असा आहे. ग्रंथ अत्यंत वाचनीय आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. आमचा आक्षेप आहे तो त्या ‘तरीही’वर. निकाल आधी लिहून ठेवावा आणि पुरावा मागाहून गोळा करावा, अशी वृत्ती त्या एका शब्दात डोकावते.

यरीहोचेच उदाहरण घ्यावे. रणशिंगे वाजली, यहोशवाच्या लोकांनी जयघोष केला आणि नगराचा तट कोसळला, ही कथा प्रसिद्ध आहे. १९३० ते १९३६ च्या उत्खननात जॉन गार्स्टँग यांना तेथे कोसळलेला तट आढळला व तो यहोशवाच्या वेळचाच, असे त्यांनी ठरविले. पुढे १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केनियन यांनी एकेक थर तपासून दाखविले की, तो तट सुमारे हजार वर्षे अधिक जुना आहे. यहोशवाच्या मानलेल्या काळात तेथे तटबंदीचे नगर असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. भिंत तीच होती. बदलली ती तिची साक्ष.

हिज्कीया राजाची हकीकत निराळी आहे. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा सन्हेरीब यहूदावर चालून आला. हिज्कीयाला पिंजऱ्यातील पक्ष्यासारखे कोंडल्याची फुशारकी त्याच्या मृत्तिकालेखात आहे. यरुशलेम जिंकल्याचा उल्लेख मात्र नाही. उलट, देवदूताने एका रात्रीत १,८५,००० अश्शूरी मारले, असे बायबल सांगते. खंडणीचे सोने दोन्हीकडे ३० किक्कार. चांदी एकीकडे ३००, दुसरीकडे ८००. कचेरीत ज्यांचा जन्म चालला आहे त्यांना हे नवे नाही. दोन टिपणे अक्षरशः जुळली, तर एक दुसऱ्याची नक्कल असल्याचा संशय येतो. येथे दोन्ही पक्ष आपापली बाजू सावरून बोलतात, म्हणूनच स्वारी घडली याविषयी शंका उरत नाही. देवदूताविषयी मात्र माती काहीच बोलत नाही.

१९९३ मध्ये तेल दान येथे सापडलेल्या शिलालेखात ‘दाविदाचे घराणे’ असा उल्लेख बहुतेक अभ्यासक वाचतात. त्यावरून त्या नावाचे राजघराणे शेजाऱ्यांना ठाऊक होते, एवढे ठरते. गल्याथाचा वध त्यातून सिद्ध होत नाही.

हा मोह केवळ परक्यांचा नव्हे. १९५० ते १९५२ च्या उत्खननात हस्तिनापुरास महापुराच्या खुणा मिळाल्या, तेव्हा गंगेने ते नगर वाहून नेल्याची पुराणकथा आपल्यालाही आठवलीच. खापराचा आधार मिळाला की मन सुखावते. पण उद्या त्या खापराचा काळ बदलला, तर श्रद्धेनेही जागा सोडावी काय? ज्याला ग्रंथ प्रिय आहे, त्याने तो कुदळीच्या हवाली करू नये. आणि ज्याच्या हाती कुदळ आहे, त्याने ग्रंथाची मर्जी राखू नये.

केलर यांचा ग्रंथ वाचकांनी अवश्य वाचावा. शीर्षक तेवढे विसरून वाचावा.