परग्रहावरचा पाहुणा आणि ऐकण्याचा प्रश्न : तीन अल्पखर्ची विज्ञानपट

थोड्या पैशांत काढलेल्या चित्रपटाविषयी लिहिताना आपल्या समीक्षेने एक सोयीचे विधान हाताशी ठेवलेले आहे. दिग्दर्शकापाशी द्रव्य नव्हते, म्हणून त्याने दाखविण्याऐवजी सुचविले; आणि सुचविणे हे दाखविण्याहून श्रेष्ठ असल्यामुळे त्याचे दारिद्र्यच त्याच्या कलेला उपकारक ठरले, असे ते विधान होय. परग्रहावरील प्राण्यांशी मानवाचा संपर्क हा ज्यांचा विषय, त्या विज्ञानपटांच्या बाबतीत तर ते हटकून येते. पदव्युत्तर वर्गांतील निबंधांत त्याला ध्वनिसिद्धान्ताचा टेकूही दिला जातो : प्राणी पडद्यावर दिसत नाही, सबब तो व्यंग्य आहे! हा युक्तिवाद मला मुळातच सदोष वाटतो. व्यंजनेला वाच्यार्थाचा आधार लागतो. जेथे काही सांगितलेलेच नाही तेथे काही ध्वनित झाले असे कसे म्हणावयाचे? शिवाय न दाखविणे हाच गुण मानला, तर पैशाअभावी ज्यांना काहीच दाखविता आले नाही असे शेकडो सुमार चित्रपट थोर ठरतील.

असे असूनही या वर्गातील काही चित्रपट मोठ्या खर्चाच्या चित्रपटांना न साधलेले काहीतरी साधून जातात, हा अनुभव नाकारता येत नाही. ते काय, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, दृश्यावरचा भार उतरला म्हणजे तो श्रवणावर पडतो. परग्रहवासी पाहावयाचा नसून ऐकावयाचा आहे असे एकदा ठरले, की कोण ऐकतो, कोणाचे ऐकले जाते आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो, हे प्रश्न ओघानेच येतात. मग चित्रपट तारकांविषयी बोलत असला तरी तो एका विशिष्ट समाजाविषयी बोलू लागतो. यासाठी मी तीन अमेरिकन चित्रपट निवडले आहेत. ते अनुक्रमे १९५१, १९८४ आणि २०१९ या वर्षांतील आहेत.

सूझन सॉन्टॅग यांनी १९६५ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात, विज्ञानपटांचा खरा विषय विज्ञान हा नसून संहार हा आहे, असे प्रतिपादन केले होते. कोसळणारी नगरे आणि पळणारे जनसमूह यांच्या दर्शनातून मिळणाऱ्या विचित्र सुखाचे त्यांनी केलेले विश्लेषण आजही मोलाचे आहे. परंतु नगर कोसळताना दाखवावयाचे तर प्रथम ते उभारावे लागते, आणि त्याला पैसा लागतो. ज्याच्यापाशी नगर उभारण्याचीच ऐपत नाही त्याच्या चित्रपटाचे विवेचन या सूत्राने पुरे होत नाही.

पहिला चित्रपट एडगर उल्मर यांचा ‘द मॅन फ्रॉम प्लॅनेट एक्स’. उल्मर यांचा जन्म १९०४ साली ओलोमोउत्स येथे, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात झाला. १९३० च्या ‘पीपल ऑन संडे’ या जर्मन मूकपटाच्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. पुढे हॉलिवूडमधील हलाखीच्या निर्मितिसंस्थांत त्यांनी आयुष्य काढले आणि १९४५ साली ‘डीटूर’सारखा अपूर्व चित्रपट दिला. ‘प्लॅनेट एक्स’चे चित्रीकरण सहा दिवसांत उरकले. खर्च ४० ते ५० हजार डॉलर. ‘जोन ऑफ आर्क’ या १९४८ च्या भव्य चित्रपटासाठी उभारलेले देखावे त्यांना वापरावयास मिळाले, आणि ते ओळखू येऊ नयेत म्हणून की काय, सबंध चित्रपटभर धुके सोडण्यात आले. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडील एका बेटावर एक शास्त्रज्ञ पृथ्वीकडे येणाऱ्या अज्ञात ग्रहाचा वेध घेत असतो. तेथे त्याची कन्या एनिड, लॉरेन्स नावाचा अमेरिकन वार्ताहर आणि मीअर्स हा संशयास्पद पूर्वेतिहासाचा शास्त्रज्ञ एकत्र येतात. माळावर एक यान उतरलेले आढळते.

यानातील पाहुण्याचा चेहरा म्हणजे चक्क एक मुखवटा आहे. तो हलत नाही, ओठ उघडत नाहीत, पापणी लवत नाही. वर्गात हा चित्रपट दाखविला असता विद्यार्थी प्रथम हसतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण थोड्या वेळाने हसू थांबते. हा चेहरा काहीच सांगत नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला स्वतःचेच भय अथवा स्वतःचीच करुणा त्याच्यावर आरोपित करावी लागते. त्याच वर्षीच्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ या कितीतरी पट खर्चाच्या चित्रपटातील क्लाटू अस्खलित इंग्रजी बोलतो; आमची नभोवाणी ऐकून आपण भाषा शिकलो असा खुलासा करतो, आणि अखेरीस मानवजातीला निर्वाणीचा इशारा देऊन निघून जातो. तेथे समजून घेण्याचे कष्ट पाहुण्याने घेतलेले आहेत. उल्मरच्या पाहुण्याला मात्र काही स्वर तेवढे काढता येतात, आणि समजून घेण्याची जबाबदारी यजमानांवर येऊन पडते.

ती कशी पार पाडली जाते, हे चित्रपटाचे मर्म आहे. पाहुण्याच्या खांद्यावर श्वसनवायूची झडप आहे. माळावरच्या भेटीत ती बिघडते, तो गुदमरू लागतो. लॉरेन्स पुढे होऊन झडप फिरवितो आणि त्याचा जीव वाचवितो. या एका कृतीवर विश्वासून तो पाहुणा त्यांच्या मागोमाग घरी येतो. पुढे त्याच्याशी भूमितीच्या आकृत्यांच्या साहाय्याने बोलता येते हे मीअर्स शोधून काढतो. संपर्काचे पहिले वाक्य जुळते न जुळते तोच त्याला यानाच्या धातूचे रहस्य हवे असते, आणि ते काढून घेण्यासाठी तो तीच झडप आवळतो. एकच झडप : एकदा प्राण देण्यासाठी फिरविलेली, एकदा प्राण कंठाशी आणण्यासाठी. याहून नेमकी प्रतिमा मोठ्या खर्चाच्या कोणत्या चित्रपटात सापडेल, मला ठाऊक नाही; आणि तिला खर्च आला तो एका पितळी खेळण्याएवढाच. यानंतर पाहुणा गावकऱ्यांची मने प्रकाशशलाकेने ताब्यात घेतो, सैन्य येते, यान उद्ध्वस्त होते. हा उत्तरार्ध रूढ साच्यातला आहे व त्यावर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही. परंतु शेवटी एनिड विचारात पडते की मीअर्सने त्याला भिवविले नसते तर काय झाले असते. आणि तो शाप ठरला असता की वरदान, हे कोणालाच सांगता येत नाही. १९५१ साली, शीतयुद्ध भरात असताना, परकीयाच्या हेतूविषयी इतका संशय मोकळा ठेवणे ही साधी गोष्ट नव्हती.

येथे एक आक्षेप आधीच विचारात घेतला पाहिजे. ऐकण्याचा विषय आला म्हणजे चित्रपट चांगला होतो, असे का मी म्हणत आहे? तसे नव्हे. एड वुड यांचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ (प्रथम दर्शन १९५७) हा हास्यास्पदतेसाठी विख्यात झालेला चित्रपट घ्या. त्याची कथाही न ऐकल्या गेलेल्यांचीच आहे : परग्रहवासीयांचे संदेश सरकारे दडपून ठेवतात, म्हणून लक्ष वेधण्यासाठी ते थडग्यांतील प्रेते उठवितात. कल्पना निकृष्ट नाही. परंतु हे सर्व त्यातील परग्रहवासी लांबलचक भाषणे ठोकून आपल्याला सांगतात. १९५६ साली निवर्तलेल्या बेला लुगोसींच्या जागी दुसराच इसम चेहऱ्यासमोर झगा धरून वावरतो, याला आपण हसतो. पण चित्रपट फसतो तो त्या झग्यामुळे नव्हे. प्रेक्षकाला ऐकण्याचे काहीच काम उरत नाही म्हणून तो फसतो. दारिद्र्य दोन्हीकडे सारखेच आहे.

जॉन सेल्स यांचा ‘द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट’ (१९८४) हा सुमारे साडेतीन लाख डॉलरमध्ये झाला, आणि त्यासाठी सेल्स यांना मॅकआर्थर अधिछात्रवृत्तीचा पैसा उपयोगी पडला. अधिछात्रवृत्तीचा असाही विनियोग होऊ शकतो, हे आपल्याकडील अनुदान-समित्यांच्या कानावर घालण्याजोगे आहे. नायक म्हणजे परग्रहावरून निसटलेला गुलाम. तो कृष्णवर्णीय दिसतो, त्याला पायाला तीनच बोटे आहेत, आणि तो मुका आहे. त्याचे यान न्यूयॉर्कच्या बंदरात, एलिस बेटापाशी कोसळते. ओस पडलेल्या स्थलांतरितांच्या दालनात तो भिंतींना हात लावतो, आणि त्याला पूर्वी तेथून गेलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात. भिंतीला हात, नायकाचा चेहरा आणि ध्वनिपट्टीवरचा कल्लोळ, इतकेच. ज्याला बोलता येत नाही तोच येथे सर्वांत चांगला श्रोता आहे, ही गोष्ट पहिल्या काही मिनिटांतच प्रस्थापित होते.

पुढे तो हार्लेममध्ये एका पानगृहात जाऊन पोहोचतो, आणि जो येतो तो त्याच्याशी बोलतो. त्याच्या मौनात प्रत्येकाला आपल्या बोलण्यापुरती जागा सापडते. वाट चुकून आलेले दोन गोरे प्रवासीही त्याच्यासमोर मन मोकळे करतात. जो मॉर्टन या नटाने एकही शब्द न उच्चारता ही भूमिका केली आहे; तिच्यातील संयम आणि सूक्ष्म विनोद यांचे वर्णन करण्यापेक्षा तिचा अनुभव घेणेच बरे. एका प्रवेशाचा उल्लेख मात्र टाळता येत नाही. भुयारी आगगाडीत एक तरुण त्याला पत्त्यांची जादू दाखवितो आणि मग म्हणतो, आता मी सगळ्या गोऱ्या माणसांना नाहीसे करून दाखवितो. पुढचे स्थानक हार्लेमचे, १२५ व्या रस्त्याचे, अशी घोषणा होते. गोरे उतारू एकजात उतरून जातात. विज्ञानपटात ज्याला चमत्कृतिदृश्य म्हणतात ते हेच. सेल्सने त्यासाठी शहराची रोजची वहिवाट उसनी घेतली आहे. ज्यांना परग्रह कोठे असतो ते पाहावयाचे असेल त्यांनी त्या दोन स्थानकांमधील अंतर पाहावे.

या चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. अमली द्रव्याच्या व्यापाऱ्याचा माग काढण्याचे उपकथानक सरळसोट आहे. नायक स्वतःचा डोळा काढून ठेवतो आणि त्या डोळ्याने पाहिलेले त्या व्यापाऱ्याला पाहावयास लावतो, ही कल्पना प्रभावी असली तरी येथे चित्रपट श्रवणाकडून पुन्हा दर्शनाकडे वळतो, आणि वळताच तो थोडा उपदेशक होतो. पण वस्तुसंग्रहालयातील प्रवेश ही भरपाई करतो. तेथे नायक एका लहान मुलाला पळून जाणाऱ्या गुलामाचे चित्र दाखवितो, मग स्वतःकडे बोट करतो, आणि अंगठ्याने वर आकाशाकडे निर्देश करतो. मुलाला ते कळते. सबंध चित्रपटात संपर्क म्हणून ज्याला म्हणता येईल तो येथे घडतो, आणि त्याला शब्द लागत नाहीत.

आपल्या देशातही या प्रश्नाला एकदा हात घातला गेला होता. सत्यजित राय यांनी १९६२ साली ‘बंकुबाबुर बंधु’ ही कथा लिहिली. गावातील बैठकीत रोज टवाळीचा विषय होणारा एक शाळामास्तर आणि बांबूच्या बनात उतरलेला परग्रहवासी यांच्या भेटीची ती कथा. तिच्यातूनच निघालेली ‘द एलियन’ ही १९६७ ची पटकथा हॉलिवूडच्या वाटेला लागली आणि कधीच पडद्यावर आली नाही. मूळ कथेत या भेटीनंतर बदलतो तो मास्तर : आजवर मुकाट्याने सहन करणारा तो त्या मंडळींना तोंडावर चार शब्द सुनावतो. अल्प खर्चात, बंगालच्या एखाद्या खेड्यातच तो चित्रपट निघाला असता तर काय झाले असते, हा तर्क व्यर्थ असला तरी मनात आल्यावाचून राहत नाही.

तिसरा चित्रपट अँड्र्यू पॅटरसन यांचा ‘द व्हास्ट ऑफ नाइट’. तो २०१९ साली स्लॅमडान्स महोत्सवात प्रथम दाखविला गेला. खर्च सुमारे सात लाख डॉलर, तोही दिग्दर्शकाच्या स्वतःच्या मिळकतीतून. न्यू मेक्सिकोमधील एक कल्पित गाव, १९५० च्या दशकातील एक रात्र. गाव बास्केटबॉलचा सामना पाहावयास गेलेला आहे. जागी आहेत ती दूरध्वनी केंद्रावर काम करणारी फे ही मुलगी आणि स्थानिक नभोवाणीवरचा निवेदक एव्हरेट. तारांतून एक अपरिचित आवाज येतो. तो नभोवाणीवर ऐकविला जातो आणि कोणाला त्याची ओळख पटते का, असे विचारले जाते.

फे दूरध्वनीच्या फळ्यासमोर बसून एकामागून एक तारा जोडते, तो प्रवेश कित्येक मिनिटे एकाच अखंड चित्रणात चालतो. पडद्यावर घडते ते एवढेच की एक मुलगी ऐकते आहे. तरीही कंटाळा येत नाही, कारण आपणही तिच्याबरोबर कान टवकारलेले असतात. नंतर बिली नावाच्या निवृत्त सैनिकाचा दूरध्वनी येतो. वाळवंटात गुप्त कामावर नेलेल्या सैनिकांची हकीकत तो सांगतो, आणि मध्येच पडदा संपूर्ण काळा होतो. आवाज तेवढा उरतो. येथेही “पैसा वाचला” असे कोणी म्हणेल. परंतु बिली काय सांगतो आहे? त्या कामासाठी निवडलेले सारे कृष्णवर्णीय अथवा मेक्सिकन होते. त्यांनी पुढे काही सांगितले तरी कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणूनच त्यांना निवडले होते. आपण कृष्णवर्णीय आहोत हे सांगून, तरीही तुम्ही ऐकाल का, असे तो विचारतो. अशा क्षणी वक्त्याचा चेहरा दाखविला असता तर आपण त्याला तपासू लागलो असतो. काळ्या पडद्याने ती सोय काढून घेतली आहे. आरंभी ज्या युक्तिवादाला मी आक्षेप घेतला त्याहून ही गोष्ट वेगळी आहे : येथे न दाखविणे हे सांगितलेल्या गोष्टीला घट्ट जोडलेले आहे; सांगणाऱ्याचे शब्द हाच येथे वाच्यार्थ आहे.

मेबेल ब्लँश या वृद्धेची हकीकतही अशीच. तिचा मुलगा नाहीसा झालेला, गावाने तिला दूर ठेवलेले. तिचे बोलणे संपेपर्यंत कॅमेरा जवळजवळ हलत नाही. एव्हरेटला तिच्यावर पुरता विश्वास ठेवता येत नाही, आणि प्रेक्षक म्हणून आपलाही तोल तेथे डळमळतो. दिग्दर्शकाने हा डळमळीतपणा झाकलेला नाही, याला मी प्रामाणिकपणा म्हणेन. अखेरच्या काही मिनिटांत मात्र यान प्रत्यक्ष दाखविण्याचा मोह त्याला आवरला नाही. ते सुबकच आहे. पण इतका वेळ कानांनी पाहिल्यानंतर डोळ्यांपुढे आलेली ती आकृती पूर्वी अनेकदा पाहिल्यासारखी वाटते. सामना संपतो, माणसे हसतबोलत घरोघर जावयास निघतात. रानात जमिनीवर पावलांचे ठसे आहेत, ते मध्येच थांबलेले. आणि त्यांच्याशेजारी एव्हरेटचे ध्वनिमुद्रणयंत्र पडलेले आहे.