‘अर्धसत्य’मधील पोलीस संस्कृती आणि समीक्षेने वगळलेला नागरिक

प्रस्तावना :
पोलीस आणि जनता यांच्या संबंधांचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने कायदा आणि लोकप्रशासन या विषयांच्या अंगाने केला जातो. तथापि, खात्यातील माणसाची मनोवृत्ती कशी घडते हे कलाकृती अधिक जवळून दाखवू शकते. या दृष्टीने गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्धसत्य’ (१९८३) हा हिंदी चित्रपट महत्त्वाचा ठरतो. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर तो आधारलेला असून पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. शीर्षक दिलीप चित्रे यांच्या कवितेवरून आले आहे. भ्रष्ट व्यवस्थेत सापडलेल्या प्रामाणिक अधिकाऱ्याची शोकांतिका, असे या चित्रपटाचे आकलन रूढ झाले आहे. हे आकलन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण कोठडीत मेलेल्या माणसाला त्यात स्थान नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अपमानाची उतरंड :
फौजदार अनंत वेलणकर (ओम पुरी) याला पोलीस संस्कृतीचा पहिला परिचय खात्यात नव्हे, तर घरात होतो. पोलीस खात्यात नोकरी केलेला त्याचा बाप क्षुल्लक कारणावरून आईला मारतो आणि पुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलाला बळेच याच नोकरीत लोटतो. ज्याच्या हाती बळ आहे त्याने हुकूम सोडायचा आणि खालच्याने सोसायचे, हा धडा मुलगा तेथेच शिकतो. खात्यात त्याच धड्याची उजळणी होते. रामा शेट्टीला अटक करण्यास गेलेला वेलणकर वरिष्ठाच्या एका दूरध्वनीमुळे हात हलवीत परततो. जिवावर उदार होऊन पकडलेल्या दरोडेखोराचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळते. हा अपमान वरच्याला परत करता येत नाही, म्हणून तो खालच्यावर उतरतो. १९७० च्या दशकात नेहरू फेलोशिपच्या निमित्ताने समाजातील वाढत्या हिंसेचा अभ्यास केलेल्या तेंडुलकरांनी ही साखळी अचूक पकडली आहे.

या चित्रणाला वास्तवाचा भक्कम आधार आहे. १८५७ च्या उठावानंतर आलेल्या १८६१ च्या पोलीस कायद्याने जनतेला उत्तरदायी नव्हे, तर शासनाला आज्ञाधारक असे दल अभिप्रेत धरले. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९८२ मध्ये, मुंबईतील पोलीस शिपायांनी केलेले आंदोलन मोडून काढण्यात आले. जे खाते आपल्याच शिपायाचे म्हणणे ऐकून घेत नाही, ते फिर्यादीचे म्हणणे आदराने ऐकेल अशी अपेक्षा कशी करावी? अर्थात, हे हिंसेचे स्पष्टीकरण झाले, समर्थन नव्हे.

पोलीस ठाण्यातील नागरिक :
चित्रपटात पोलिसांच्या संपर्कात येणारे तीन नागरिक लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला, गुंड आपल्या पत्नीला त्रास देतात अशी तक्रार घेऊन येणारा सामान्य गृहस्थ. वेलणकर त्या गुंडांना कोठडीत टाकून झोडपून काढतो. दुसरा, जाळून टाकलेला, मरणासन्न अवस्थेत रामा शेट्टीचे नाव सांगणारा माणूस. त्याचा जबाब दूरध्वनीपुढे व्यर्थ ठरतो. तिसरा, रेडिओ चोरल्याचा आळ असलेला किरकोळ चोर. मद्याच्या अमलाखाली वेलणकर त्याला इतके मारतो की तो दगावतो.

यांतील पहिला आणि तिसरा प्रसंग शेजारी ठेवून पाहणे आवश्यक आहे. मारणारा हात एकच, मारण्याची जागा कोठडीच, आणि दोन्ही वेळा न्यायालयाच्या आधीच शिक्षा दिली गेली आहे. तरीही पहिल्या प्रसंगाला आपण धाडस म्हणतो आणि तिसऱ्याला अधःपात. पहिली मारहाण मान्य केल्यावर तिसरीचा दोष केवळ दारूच्या माथी मारता येत नाही. दिग्दर्शकाने दोन्ही प्रसंग आपल्यासमोर ठेवले आहेत. त्यांतील नाते आपल्या समीक्षेने पाहिले नाही. ज्योत्स्ना गोखले (स्मिता पाटील) ही साहित्याची प्राध्यापिका मात्र ते पाहते. तिची अस्वस्थता ही केवळ प्रेयसीची नसून नागरिकाचीही आहे.

शेवटाची मर्यादा :
चोराच्या मृत्यूनंतर कथेचा प्रश्नच बदलतो. ‘हा माणूस का मेला?’ याऐवजी ‘वेलणकर यातून सुटेल काय?’ या प्रश्नाकडे प्रेक्षकाचे लक्ष वळते. मदतीच्या बदल्यात गुलामी मागणाऱ्या रामा शेट्टीचा गळा वेलणकर आवळतो, तेव्हा प्रेक्षकाला न्याय झाल्याचे समाधान मिळते. वस्तुतः एका मृत्यूचा जाब दुसऱ्या मृत्यूने झाकला जातो. वेलणकर स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो, हा चित्रपटाचा विवेक होय. पुढे ‘अब तक छप्पन’ (२००४) सारख्या चित्रपटांत चकमकफेम अधिकारीच नायक झाला. परंपरेने गळा आवळणे उचलले. स्वाधीन होणे मात्र मागे टाकले.

याउलट, कोठडीतील नागरिकाच्या बाजूने विचार पडद्याबाहेर झाला. देसाईगंज (तत्कालीन चंद्रपूर जिल्हा) पोलीस ठाण्यातील १९७२ च्या मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये, म्हणजे ‘अर्धसत्य’च्याच वर्षी, फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पुढे डी. के. बसू (१९९६) आणि प्रकाश सिंह (२००६) या निवाड्यांनी अटकेची पद्धती आणि पोलीस तक्रार प्राधिकरण यांविषयी निर्देश दिले. अटक झालेल्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न या निवाड्यांच्या मुळाशी आहे.

निष्कर्ष :
पोलिसांवरील दडपणाचे ‘अर्धसत्य’इतके प्रामाणिक चित्रण दुर्मीळ आहे, यात शंका नाही. परंतु वेलणकरविषयी वाटणारी सहानुभूती मृत चोराला विसरण्याच्या किमतीवर मिळवता येणार नाही. खात्यात शिपायाला प्रतिष्ठा आणि ठाण्यात संशयिताला संरक्षण, या दोन मागण्या परस्परविरोधी नसून परस्परपूरक आहेत. आपल्या वर्गांत हा चित्रपट अभ्यासला जाईल तेव्हा ‘वेलणकरने काय करायला हवे होते?’ या परिचित प्रश्नाआधी ‘रेडिओच्या चोरीसाठी कायद्याने त्या माणसाला काय दिले असते?’ हा प्रश्न विचारला जावा. खुल्या पत्राच्या लेखकांनीही अध्यापक या नात्याने असाच एक अडचणीचा प्रश्न विचारला होता.