जुलमी अंमल आणि वाचलेली माणसे : ‘द वॉकिंग डेड’च्या संदर्भात ‘फकिरा’चे पुनर्वाचन

प्रस्तावना

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. वीरनायकाची कथा, ब्रिटिशविरोधी बंडाची कथा आणि दलित साहित्याची पूर्वपीठिका अशा अंगांनी या कादंबरीचा विचार प्रामुख्याने झालेला आहे. या सर्व वाचनांत नायक मध्यभागी असतो. त्याच्या पाठीशी असलेला उपाशी, हजेरीखाली पिचलेला समूह मात्र पार्श्वभूमी म्हणूनच उरतो. प्रस्तुत लेखात या समूहाकडे लक्ष वेधावयाचे आहे. त्यासाठी ‘द वॉकिंग डेड’ ही अमेरिकन चित्रकथामालिका तुलनेला घेतली आहे.

ही तुलना प्रथमदर्शनी विचित्र वाटण्याचा संभव आहे. येथे प्रभावाचा अभ्यास अभिप्रेत नाही, हे उघडच आहे. मात्र दोन्ही कलाकृतींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : मोठ्या आपत्तीतून वाचलेली माणसे जुलमी सत्तेखाली का राहतात आणि त्या सत्तेचा उगम कोठे असतो? आज आपल्या वर्गांतील विद्यार्थी झॉम्बीकथा मोबाइलच्या पडद्यावर पाहतात आणि ‘फकिरा’ परीक्षेसाठी वाचतात. या दोन वाचनांचा परस्परांशी संवाद घडवून आणणे हे अध्यापकाचे काम आहे, अशी या लेखामागील भूमिका आहे.

‘झॉम्बी’ या कल्पनेचे मूळ

आनंद यादव यांच्या ‘झोंबी’शी (१९८७) या शब्दाचा संबंध नाही. ‘झॉम्बी’ची कल्पना हैतीच्या लोकसमजुतींतून आली. फ्रेंच अमलाखाली तेथील उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. त्यांच्या बंडातून १८०४ साली हैती स्वतंत्र झाला. मेलेल्या माणसाला मांत्रिक उठवतो आणि इच्छाशक्ती नसलेले त्याचे शरीर मालकासाठी राबत राहते, अशी ती समजूत होय. म्हणजे मुळातील झॉम्बी हा माणसे खाणारा राक्षस नसून, मरणानेही ज्याची सुटका होत नाही असा वेठबिगार आहे. विसाव्या शतकातील अमेरिकन चित्रपटांनी यातील मालक काढून टाकला आणि भुकेल्या मृतांचा जमाव तेवढा ठेवला. हा वगळलेला मालक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

चित्रकथेतील जुलमी सत्ता

रॉबर्ट कर्कमन यांनी लिहिलेल्या या मालिकेचा पहिला अंक २००३ साली निघाला आणि १९३ व्या अंकाने ती २०१९ साली संपली. पहिले सहा अंक टोनी मूर यांनी व पुढील अंक चार्ली अ‍ॅडलार्ड यांनी चितारले. कृष्णधवल चित्रांची ही मालिका वरवर मृतांविषयी असली तरी ती खरी जिवंतांविषयीच आहे. शासन, पोलीस, न्यायालय सारे कोसळल्यावर वाचलेल्यांच्या लहान लहान वसाहती उभ्या राहतात आणि त्यांपैकी काहींवर जुलमी पुरुषांचा अंमल बसतो.

वुडबरी या गावाचा ‘गव्हर्नर’ हा त्यांपैकी पहिला. तो लोकांना तटबंदी देतो आणि तिच्या आत करमणूक म्हणून साखळदंडांनी बांधलेल्या मृतांच्या साक्षीने झुंजी लावतो. पुढे १०० व्या अंकात नीगन येतो. त्याची पद्धत अधिक हिशेबी आहे. आसपासच्या वसाहतींकडून तो निम्मे उत्पन्न घेतो आणि बदल्यात संरक्षणाचे आश्वासन देतो. विरोध करणाऱ्यांपैकी एकाला तो सर्वांदेखत ठार मारतो, कारण उरलेल्यांनी ते पाहणे हाच त्या शिक्षेचा हेतू असतो.

या चित्रणात प्रजेच्या सहभागाची जाण सूक्ष्म आहे. गव्हर्नर तुरुंगावर चाल करून जातो तेव्हा त्याच्या आज्ञेवरून लिली नावाची एक सामान्य स्त्री गोळी झाडते. मरण पावलेल्या स्त्रीबरोबर तिच्या कुशीतील अर्भकही गेले, हे तिच्या ध्यानात येते आणि त्याच क्षणी ती गव्हर्नरला ठार करते. जुलमी सत्तेचा शेवट नायकाच्या नव्हे, तर आज्ञाधारक प्रजेच्या हातून होतो. सत्ता आज्ञा पाळणाऱ्या हातांवर उभी असते आणि ते हात फिरले की ती कोसळते, हे येथे भाष्यावाचून दाखविले आहे.

मात्र या संपूर्ण रचनेमागे एक गृहीत आहे. शासन संपले म्हणून जुलूम आला, हे ते गृहीत होय. आपत्तीपूर्वीची व्यवस्था तेथे हरवलेल्या सुखासारखी आठवली जाते. ‘फकिरा’ नेमका या गृहीताला छेद देतो.

‘फकिरा’तील जुलमी सत्ता

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे झाला. हा तालुका त्या वेळी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कादंबरीचा प्रदेश हाच वारणेकाठचा आहे. गावासाठी जोगणी आणताना राणोजी प्राण देतो. पुढे दुष्काळ आणि रोगराई येते, मांगवाड्यात माणसे अन्नावाचून मरू लागतात. राणोजीचा मुलगा फकिरा धान्य लुटून भुकेल्यांत वाटतो, इंग्रजांचा खजिना लुटतो आणि अखेरीस आपल्या माणसांना ओलीस धरले गेल्यावर शरण जातो.

येथे आपत्ती आहे, मृत्यू आहे, वाचलेल्यांची धडपडही आहे. परंतु शासन कोसळलेले नाही. ते आपत्तीत अधिकच चोखपणे चालते. याला इतिहासाचाही आधार आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील लोक मरत असताना हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालू होती. दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली गेली. तेव्हा येथील उपासमार हा अराजकाचा नव्हे, तर कारभाराचा परिणाम होता.

हजेरीची पद्धत हे या कारभाराचे लक्षणीय रूप आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जातसमूहांना जन्मतः गुन्हेगार ठरविले. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली आणि देशपातळीवर तो १९५२ साली रद्द झाला. हजेरी देणाऱ्या माणसाने काय केले, हे कोणी विचारत नाही; त्याचे शरीर ठरल्या वेळी ठरल्या जागी आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. हैतीच्या समजुतीतील मालक येथे हजेरीपटाच्या रूपाने परत येतो. फकिराचे बंड जिवंत माणसाला मुडदा समजणाऱ्या या मोजणीविरुद्ध आहे.

ओलिसांचा प्रसंगही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नीगनला जे समजले आहे तेच इंग्रज अधिकाऱ्यालाही समजलेले आहे : ज्याची माणसे आहेत त्यालाच धाक घालता येतो. चित्रकथेत अशा धाकाचे उत्तर अखेर युद्धाने दिले जाते. फकिरा मात्र शस्त्र खाली ठेवतो. या शरणागतीला पराभव म्हणणे अपुरे आहे. ज्यांना जगविण्यासाठी बंड केले त्यांच्याच प्राणांवर बंड चालू ठेवणे त्याला मान्य नाही. त्यामुळे कादंबरीचा शेवट वीरकथेच्या चौकटीत बसत नाही.

‘फकिरा’ची मर्यादा

असे असले तरी एका बाबतीत चित्रकथा सरस आहे, हे मान्य करावे लागते. ‘फकिरा’त जुलूम मुख्यतः परक्या सरकारचा आहे. विष्णुपंत कुलकर्णी आणि शंकरराव पाटील हे गावचे वतनदार न्यायी व कनवाळू रंगविले आहेत. परिणामी गावगाड्यातील रोजच्या आज्ञापालनाचा, म्हणजे मांगवाडा गावाबाहेर का, हा प्रश्न कथानकाच्या कडेला राहतो. लिलीसारखे पात्र, म्हणजे जुलमाचा हात असलेला आणि तो हात आखडता घेणारा सामान्य माणूस, या कादंबरीत ठळकपणे उभा राहत नाही.

प्रतिसरकारचा दाखला

शासन नाहीसे झाले की जुलमी पुरुष उगवतो, या चित्रकथेच्या गृहीताची पडताळणी याच भूमीत झालेली आहे. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यातील अनेक गावांत इंग्रजी अंमल ढिला पडला आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. न्यायदान मंडळे, तुफान सेना आणि कमी खर्चाचे विवाह ही त्याची कामे होती. म्हणजे पोकळीतून केवळ गव्हर्नरच निघतो असे नाही, पंचायतही निघते. तथापि तळपायांवर फटके मारण्याच्या शिक्षेमुळे याच सरकारला ‘पत्री सरकार’ हे नाव चिकटले, हेही विसरता येत नाही. लोकांच्या सत्तेनेही शिक्षेचा अधिकार हाती घेतला होता आणि तो कोणी, कोणाच्या संमतीने वापरावा हा प्रश्न तिलाही चुकला नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘द वॉकिंग डेड’ ही मालिका जुलूम कसा टिकतो हे उत्तम दाखविते, तर ‘फकिरा’ तो कोठून येतो हे दाखविते. झॉम्बीकथेत रमणाऱ्या विद्यार्थ्याला भिंतीबाहेरचा मृत दिसतो. ‘फकिरा’ त्याला भिंतीच्या आतील धान्याचे कोठार आणि हजेरीपट दाखवू शकतो. त्यासाठी ही कादंबरी शौर्यगाथा म्हणून शिकविण्याचा परिपाठ सोडून, भुकेचा कारभार कोण करतो आणि तो निमूटपणे कोण चालवून घेतो, या प्रश्नांसह ती वर्गात उघडावी लागेल.