कावीळ एक, वाटा दोन

शाळेच्या भिंतीवरील आरोग्य-तक्त्यांत ‘कावीळ : दूषित पाण्यामुळे होणारा रोग’ अशी ओळ आपण अनेकदा वाचतो. ती खोटी नाही, अपुरी आहे. आणि हा अपुरेपणा आम्हाला घातक वाटतो.

मुळात कावीळ हा रोग नव्हे, लक्षण आहे. यकृताला सूज आणणारे विषाणू निरनिराळे. ‘ए’ आणि ‘ई’ विष्ठेने दूषित झालेल्या अन्नपाण्यातून येतात. १९५५-५६ साली दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून आलेली मोठी साथ ‘ई’ची होती, हे पुढे कळले. ‘बी’ आणि ‘सी’ प्रामुख्याने रक्तातून पसरतात. ‘बी’ लैंगिक संबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळालाही. २००९ साली गुजरातेतील मोडासा भागात ‘बी’ची साथ आली, ती वापरलेल्या सुया पुन्हा टोचल्याने. तेथे पाणी उकळून काय साधले असते? उलट, ‘बी’ची लागण झालेल्या मुलाचा डबा वेगळा ठेवला, तर ते निष्कारण होय. एकत्र जेवल्याने तो पसरत नाही. शिवाय त्यावर लस आहे.

तक्त्यात दोन रकाने हवेत : पाण्याची वाट, रक्ताची वाट. तोवर दुसरा रकाना आपणच फळ्यावर आखू या.