‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ : एक अर्थविचार

मॅथ्यू आर्नल्डने समीक्षकाच्या ठिकाणी ‘डिसइंटरेस्टेडनेस’ हा गुण अपेक्षिला (१८६४). आपले विद्यार्थी त्याचा अनुवाद ‘उदासीनता’ असा करतात, आणि मग आर्नल्डला अनास्थेने वाचणारा समीक्षक हवा होता असा विपरीत अर्थ निघतो. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नव्हे.

‘इंटरेस्ट’ या शब्दात हितसंबंध आणि गोडी असे दोन अर्थ नांदतात. पहिल्याचा अभाव ‘डिसइंटरेस्टेड’ने व दुसऱ्याचा ‘अनइंटरेस्टेड’ने दर्शवावा, असा शिष्ट संकेत आहे. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असावा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर पक्षकारांचे दैवच!

परंतु हा संकेत अनादि आहे असे मानणाऱ्या शुद्धिवाद्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. सतराव्या शतकात ‘अनइंटरेस्टेड’ निःपक्षपाती या अर्थी, तर ‘डिसइंटरेस्टेड’ बेफिकीर या अर्थीही आढळतो. आजही नामरूपात संकेत ढळतोच. ‘अनइंटरेस्ट’ हे नाम विरळ असल्याने ‘डिसइंटरेस्ट’ हेच अनास्थेचे नाम होऊन बसले आहे. निःपक्षपातासाठी ‘-नेस’ प्रत्ययाचे लांबलचक रूप योजावे लागते. विशेषणाबाबत वाक्यरचना साहाय्य करते. पुढे ‘इन’ हे शब्दयोगी अव्यय आले, तर बहुधा गोडीचा अभाव अभिप्रेत असतो; ‘सल्ला’, ‘निरीक्षक’ अशा नामांपूर्वी बहुधा हितसंबंधाचा. म्हणजे निर्णय कोशापेक्षा संदर्भाकडे अधिक जातो.

मराठी वाचकाची अडचण मात्र निराळी आहे. ‘उदासीन’ या आपल्या शब्दाचाही असाच अर्थपालट झालेला आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताचे लक्षण म्हणून येतो. आजच्या मराठीत तो खिन्न किंवा बेपर्वा माणसाला लागतो. सहाव्या अध्यायात उदासीन व मध्यस्थ वेगळे गणले आहेत. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार उदासीन कोणाचाच पक्ष घेत नाही. मध्यस्थ परस्परविरोधी अशा दोघांचेही हित इच्छितो. हा भेद इंग्रजी जोडीहूनही सूक्ष्म आहे, आणि आपण तो दैनंदिन व्यवहारात गमावला आहे.

आर्नल्डला विचारांचा मुक्त संचार आणि तात्कालिक व्यावहारिक प्रयोजनांपासून अलिप्तता अभिप्रेत होती. कुतूहलाला तर त्याने त्याच निबंधात उचलून धरले आहे. तेव्हा ‘निर्हेतुक’ही अपुरा आणि ‘तटस्थ’ थोडा थंड. ‘हितसंबंधनिरपेक्ष’ हा शब्द बोजड खरा, पण तूर्त तोच योजावा.