फकिराची तलवार आणि बत्तीसचे रिव्हॉल्व्हर

दलित कवितेत शस्त्र फार स्वस्त झाले आहे. ज्याला वाटेल त्याने शब्दाची बंदूक करावी, लेखणीचे पाते करावे, आणि समीक्षकाने त्याला विद्रोह म्हणून पावती द्यावी. अशा पावत्या मीही दिल्या आहेत. पण भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावात हा शब्द प्रतिमा म्हणून राहत नाही. तेथे एका तरुण कार्यकर्त्याने मला सरळ विचारले, "सर, परवाना मिळाला तर काय घ्यावं? रिव्हॉल्व्हर का पिस्तूल?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या जाळल्या गेल्या. ज्याच्या घरात ती आठवण सांगितली जाते त्याला शस्त्राविषयी विचारण्याचा अधिकार आहेच.

म्हणून आधी त्याचेच उत्तर. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. त्याच्या वाट्याला येते ते बत्तीस बोअरचे. रिव्हॉल्व्हर वापरायला सोपे, अडकण्याची भीती कमी, पण गोळ्या सहाच. २०१२ च्या दिल्लीतील बलात्कार प्रकरणानंतर, २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे बत्तीसचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून काढले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि वर दागिन्याच्या डबीसारखी पेटी! त्या पेटीतच सारा वर्गविचार भरलेला आहे. स्वसंरक्षणातला 'स्व' येथे शहरातला, एकटा, पर्सवाला असा कल्पिलेला आहे आणि हल्लेखोरही एकटाच. शिवाय हलके हत्यार हाताला झटका अधिक देते. सराव नसेल तर नेम लागत नाही, आणि सरावाला काडतुसे लागतात, पैसे लागतात.

गावात दलितावर येतो तो जमाव. आणि जमाव येण्याआधी बहिष्कार येतो: पिठाची गिरणी बंद, मजुरी बंद, शेताची वाट बंद. सहा गोळ्या यांतल्या कशावर झाडायच्या?

आता कायद्याकडे एक साहित्यकृती म्हणून पाहू. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे चौदावे कलम सांगते की, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणाला परवाना नाकारता येणार नाही. भूमिहीनाला उद्देशून इतके सभ्य वाक्य आपल्या कायद्यात विरळाच. पण त्याच्याच आधीचे तेरावे कलम जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागते. ज्या ठाण्यात आपली फिर्याद लिहून घेतली जावी म्हणून दिवसभर बसावे लागते, तेच ठाणे आपल्याला भीती आहे की नाही हे ठरवणार. १९९५ चे अत्याचार प्रतिबंधक नियम त्याहून पुढे जातात. नियम ३ चा पाचवा खंड म्हणतो की, जीविताच्या आणि मालमत्तेच्या सुरक्षिततेसाठी अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत. आमचे कार्यकर्ते सभांत हा खंड मोठ्याने वाचतात आणि टाळ्या पडतात. त्याच्या आधीचा तिसरा खंड मात्र क्वचितच कोणी वाचतो. अत्याचाराचा संभव असलेल्या भागात इतरांचे परवाने रद्द करून त्यांची हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, असे तो सांगतो. दोन्ही खंडांत 'आवश्यक वाटल्यास' हे शब्द आहेत. कोणाला वाटल्यास? सारी लढाई या दोन शब्दांत आहे. पाचवा खंड आपल्याला विकत घ्यायला लावतो. तिसरा शासनाला काम करायला लावतो.

येथे 'फकिरा' आठवतो. अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ मध्ये तलवार चालवणाऱ्या मांग वीराची कादंबरी लिहिली आणि अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला. आमच्या टीकेने या अर्पणपत्रिकेचा गौरव केला, तिच्यातला पेच सोडवला नाही. फकिराची तलवार त्याच्या एकट्याच्या रक्षणासाठी उपसली जात नाही. दुष्काळात उपाशी माणसांना धान्य मिळावे म्हणून ती उपसली जाते, आणि सरकार त्याची माणसे धरते तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतःहून स्वाधीन होतो. हत्याराला अर्थ येतो तो ज्यांच्यासाठी ते धरले त्यांच्यामुळे. फकिराचे केवळ शौर्य उचलणाऱ्या कवींनी कादंबरीचा शेवट वाचलाच नसावा, अशी शंका येते.

बाबासाहेबांनीही १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन' लिहिताना शस्त्रबंदीचा मुद्दा टाळलेला नाही. शस्त्र नाही आणि शिक्षण नाही, म्हणून येथील खालचे वर्ग बंड करू शकले नाहीत, असे त्यांचे निदान. पण ते शारीरिक शस्त्र लष्करी सेवेत पाहत होते आणि नैतिक शस्त्र शिक्षणात. घरातल्या कपाटात नव्हे. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. आज त्या परंपरेतला एखादा निवृत्त जवान बँकेच्या दाराशी बारा बोअरची बंदूक घेऊन उभा राहतो. म्हणजे दलिताच्या हातातल्या परवान्याच्या बंदुकीचे समाजाला वावडे नाही, फक्त राखायची तिजोरी दुसऱ्याची असली पाहिजे.

त्या तरुणाला मी नियमांची प्रत दिली. त्याने पाचवा खंड वाचला, मग मागे जाऊन तिसरा वाचला. पुन्हा एकदा वाचला. "सर, हा अर्ज कोणाच्या नावानं करायचा?"

"कलेक्टरच्या. जालन्याला. आणि एकट्यानं नको, वस्तीच्या सह्या घे."

त्याने वहीचे मधले पान फाडले.